खाण बंद झाली; आता आधी काय जपायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वस्तीला लागून असलेली भूमिगत कोळसा खाण कायमची बंद झाली. तुम्ही सात-आठ जण एकत्र आलात. त्यात चार निवृत्त कामगार, दोन शिक्षक आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी आहे. जुन्या दवाखान्याची खोली द्यायला ग्रामपंचायत तयार आहे. तीन-चार कॅप लॅम्प (हेल्मेटवर लावायचे दिवे), काही पितळी टोकन (कामगाराच्या नंबराचे बिल्ले), हेल्मेट, नकाशांची एक गुंडाळी आणि बरेच फोटो जमले आहेत. संग्रहालय कधी आणि कसं उघडावं, पैसा कुठून आणावा, हे तुम्ही विचारलं आहे. शेवटी जाता जाता लिहिलं आहे की वाइंडिंग इंजिन, म्हणजे माणसांचा आणि कोळशाचा पिंजरा वर-खाली करणारं यंत्र, चालवणारे एक काका आता ८४ वर्षांचे आहेत आणि हल्ली त्यांची तब्येत बरी नसते.

मी खाणीत सर्व्हेअर होतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या खाणींच्या आठवणी, कागद आणि वस्तू गोळा करणाऱ्या मंडळींबरोबर निवृत्तीच्या आधीपासून काम करतो आहे. माझं सांगणं असं की खोली जरूर घ्या. तिला कुलूप लावा, आत एक लोखंडी कपाट आणि एक जाड बांधणीचं रजिस्टर ठेवा. पण पहिलं वर्षभर संग्रहालय उघडू नका. ते वर्ष माणसांना द्या. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट कपाटात नाही, ती त्या शेवटच्या ओळीत आहे.

हिशेब करून बघा. जानेवारी १९७३ च्या अखेरीस सरकारने कोकिंग नसलेल्या (ज्याचा पोलाद भट्टीसाठी कोक होत नाही अशा) कोळशाच्या खाणींचं व्यवस्थापन हाती घेतलं आणि १ मे १९७३ पासून त्या खाणी राष्ट्रीयीकृत झाल्या. त्या वेळी विशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे. खाजगी मालकाच्या काळात ठेकेदार पैसे कसे मोजायचा, टब (कोळसा वाहायची छोटी रुळगाडी) भरला की त्यावर कोण खूण करायचं, अर्धा भरलेला टब कोणाच्या नावावर जायचा, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. १९७५ मध्ये कोल इंडिया ही सरकारी कंपनी आणि तिच्याखाली आपल्याकडची वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. तिथपासून पुढच्या फायली कुठे ना कुठे आहेत, आज नाही तर दहा वर्षांनी मागता येतील. त्याआधीच्या खाजगी कंपन्यांचे कागद मालकी बदलताना फार विखुरले. म्हणून त्या काळाची माणसं आधी.

दुसरं असं की कार्यालयातला कागद काय सांभाळतो ते मला आतून माहीत आहे, कारण मीच तो तयार करत होतो. उत्पादन किती टन, थर किती मीटर जाड, गॅलरी (कोळशात खोदलेली वाट) किती रुंद, कोणत्या पॅनेलमधून (खाणीच्या भागातून) पिलर, म्हणजे छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब, कधी काढले, हे सगळं तिथे आहे. काम कसं होत होतं ते मात्र नाही. आमच्या भागाच्या जुन्या लिखाणातही तेच. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर भूवैज्ञानिक ह्यूज यांचा अहवाल १८७७ मध्ये छापला गेला. वरोऱ्याच्या कोळशासाठी १८७० च्या दशकात वर्ध्याहून रेल्वे आली, वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली, मग भर बल्लारपूरवर आला. हे सगळं तुम्हाला जुन्या चांदा जिल्हा गॅझेटिअरच्या आधाराने जुळवता येईल, आणि जुळवाच. पण टोपली डोक्यावर घेऊन टबपर्यंत जाणाऱ्या माणसाचा दिवस तिथे शोधू नका. नागपूर-भंडाऱ्याकडच्या मॅंगनीज खाणींचंही तसंच. तिथल्या एका खडकाला फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असं नाव दिलं आणि ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. त्या खडकातलं खनिज हातोड्याने फोडून, निवडून ढीग लावणाऱ्या गोंड बायांची नावं कोणत्या पुस्तकात आहेत? ही जागा भरण्याचं काम फक्त तुमच्यासारखी, त्याच वस्तीत राहणारी, त्या घरांत चहा पिणारी माणसंच करू शकतात. सरकारी खातं करणार नाही, कंपनी करणार नाही, बाहेरून येणाऱ्या संशोधकाला ते दोन महिन्यांत जमणार नाही.

आता ते कसं करायचं ते सविस्तर सांगतो.

मुलाखतीला बसल्यावर "तुमचे अनुभव सांगा" असं म्हणू नका. माणूस भाषणावर येतो. कष्ट फार होते, पण माणसं चांगली होती, एवढं बोलून थांबतो. त्याला पाळीवर न्या. सकाळच्या पाळीला घरून किती वाजता निघायचात? भोंगा किती वेळा व्हायचा? हाजरीघरात कोण बसायचं? बत्तीघराच्या खिडकीत टोकन टाकल्यावर दिवा कोण द्यायचं, तो पेटतो का हे कुठे बघायचात? डबा खाली नेल्यावर उंदरांपासून कुठे टांगायचात? इनक्लाइनने (खाणीत उतरणाऱ्या उताराच्या वाटेने) फेसपर्यंत (कोळसा फोडायच्या जागेपर्यंत) चालायला किती वेळ? पोचल्यावर हाताने केलेलं पहिलं काम कोणतं? असे दहा-बारा प्रश्न झाले की माणूस खाणीत उतरलेला असतो. मग तुम्ही गप्प बसायचं.

एका ड्रेसरची मुलाखत मी कधी विसरणार नाही. ड्रेसर म्हणजे सुरुंग उडाल्यावर आधी पुढे जाऊन छताचे आणि भिंतीचे सैल झालेले तुकडे पाडणारा. छत पक्कं आहे की सुटलंय हे कसं ओळखायचात, असं विचारलं. ते म्हणाले, आवाजावरून. मग उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि सिमेंटच्या जमिनीवर ठोकली. खण्ण. मग लाकडी कपाटाच्या पोकळ दारावर ठोकली. भद्द. "असं बोललं तर बाजूला व्हायचं." एवढ्यावर मी समाधानी होतो, पण त्यांनी पुन्हा काठी उचलली. डाव्या हाताची बोटं कपाटाच्या वरच्या फळीला टेकवली आणि उजव्या हाताने ठोकत राहिले. "पंख्याचा, मशीनचा आवाज असला की कान फसतो. बोटाला कळते." छत ठोकताना दुसऱ्या हाताने कंपन बघायचं हे नियमांच्या पुस्तकात मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण मनगट किती वाकवायचं, तुकडा सुटलाच तर पाय आधी कुठल्या बाजूला काढायचा, उभं राहायचं ते सुटलेल्या छताखाली नाही तर मागच्या पक्क्या छताखाली, हे त्या चार मिनिटांत दिसलं. सुदैवाने त्या दिवशी आमच्याबरोबरच्या मुलाने मोबाइल चेहऱ्यावर न धरता त्यांच्या हातांवर धरला होता. तेव्हापासून आमचा नियमच झाला: काम सांगायला लागले की कॅमेरा हातांकडे.

तशीच एक गोष्ट लाकडी खांबांची. लोखंडी टेकू आले तेव्हा जुनी माणसं नाराज का झाली, हे तुमच्या टिंबरमनला (छताला खांब लावणाऱ्याला) विचारा. लाकूड मोडण्याआधी कडकडतं, चिरतं, पळायला वेळ देतं. लोखंड त्यांच्याशी तसं बोलत नव्हतं. अशी कारणं फक्त विचारल्यावर निघतात.

यंत्रसामग्रीवर फार खर्च करू नका. चांगला मोबाइल, कॉलरला लावायचा साधा माइक आणि एक तिवई एवढं पुरतं. आवाज शक्य तर डब्ल्यूएव्ही (दर्जा कमी न करणाऱ्या) स्वरूपात घ्या, पंखा बंद करा, शेजारचा टीव्ही बंद करायची विनंती करा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय, कोण विचारतंय हे बोला, कारण फाइलचं नाव बदलू शकतं, आवाजातलं नाव बदलत नाही. एका बैठकीला तास-सव्वा तास बस झाला. आठवड्याने पुन्हा जा. दुसरी बैठक पहिलीपेक्षा नेहमी चांगली होते, कारण मधले सात दिवस तो माणूस मनात खाणीतच फिरत असतो. जाताना जमलेल्यातली एखादी वस्तू न्या आणि हातात द्या. दिवा हातात आला की बोटं आपोआप बटणावर जातात आणि गोष्ट सुरू होते.

त्याच संध्याकाळी, झोपण्याआधी, मुलाखतीचा सारांश लिहा. कितव्या मिनिटाला काय आलं एवढं पानभर पुरे. शब्दन् शब्द उतरवून काढणं नंतर होईल किंवा होणारही नाही, पण हे पान नसेल तर शंभर तासांचं ध्वनिमुद्रण म्हणजे किल्ली हरवलेली पेटी. हे काम तुमच्यातल्या कॉलेजच्या मुलीकडे सोपवा आणि तिच्या हाताखाली दोन मुलं द्या. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती हव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात कोणाच्या तरी घरी. वर्षातून एकदा तिन्ही उघडून बघायच्या.

परवानगी लेखी घ्या, पण आधी तोंडी समजावून, त्या माणसाच्या भाषेत वाचून दाखवून. आपल्या कॉलऱ्यांत (कोळसा खाणींच्या वस्त्यांत) तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी, गोंडी बोलणारी घरं आहेत. मराठीतला छापील अर्ज पुढे करून अंगठा घेणं ही परवानगी नव्हे. तीन पर्याय ठेवा: सगळ्यांना ऐकू द्या, नाव न देता वापरा, किंवा इतकी वर्षं बंद ठेवा. तिसरा पर्याय खरोखर पाळा. एका कामगाराने अपघाताच्या दिवशी कोणी कोणता हुकूम दिला होता ते आम्हाला सांगितलं. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याची मुलं त्याच वस्तीत राहतात. ते मुद्रण आमच्याकडे पाकिटात बंद आहे, त्यावर उघडायचं वर्ष लिहिलं आहे. आणि मुलाखतीची एक प्रत पेन ड्राइव्हवर त्या घरी द्यायला विसरू नका. कितीतरी घरांत आजोबांचा आवाज म्हणून तेवढंच राहतं.

कोणाला विचारायचं याबद्दल दोन शब्द. युनियनचे पुढारी, मॅनेजर, ओव्हरमन (पाळीवर देखरेख करणारे) आपणहून येतील, त्यांना बोलू द्या. पण यादीत वरचं नाव त्यांचं नको. हॉलेज खलासी (दोराने टब ओढणारं यंत्र चालवणारा), पंपवाला, लोडर, काटाघरातला बाबू, बारूदघराचा पहारेकरी, खाणीच्या दवाखान्यातली नर्स, ठेकेदाराकडे कोळसा भरणारे, ज्यांना कधी कायम केलं गेलं नाही ते. आणि बाया. भूमिगत कामातून बायकांना १९३० च्या दशकात बाहेर काढलं. युद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ मध्ये बंदी उठवली आणि १९४६ मध्ये पुन्हा लावली. २०१९ मध्ये सरकारी अधिसूचनेने दिवसाच्या पाळीतलं तांत्रिक आणि देखरेखीचं भूमिगत काम त्यांना पुन्हा खुलं झालं. त्या चाळीसच्या दशकात खाली गेलेल्या बाया आता आपल्यात नाहीत, पण त्यांच्या लेकी-सुना आहेत. "आई काय सांगायची?" एवढं विचारा. शिवाय खाणीच्या वर कोळसा निवडणाऱ्या, डोक्यावर वाळू-माती वाहणाऱ्या, नवरा अपघातात गेल्यावर त्याच्या जागी नोकरीला लागलेल्या बाया तुमच्या गल्लीत असतील. त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसतं, त्यामुळे पहिल्यांदा त्या "मला काय माहीत" म्हणतात. तिथून उठून येऊ नका.

खाणीसाठी ज्या गावांची शेतं गेली, जी गावं उठली, तीही या इतिहासात येतात. तुमचे काही सभासद कदाचित म्हणतील की हा आपला विषय नाही. मी म्हणेन, आहे. विहीर कुठे होती, मारुतीचं देऊळ कुठे होतं, मोबदल्याचा पहिला चेक कोणी घेतला, हे त्या गावच्या म्हाताऱ्यांकडून नकाशावर खुणा करून घ्या.

बोलायला संकोच करणाऱ्या माणसाला कागद-पेन्सिल द्या. जपानच्या चिकुहो कोळसा पट्ट्यात यामामोटो साकुबेई नावाचे खाण कामगार होते. लहानपणापासून खाणीत राबले आणि साठी उलटल्यावर नातवंडांना कळावं म्हणून आठवणीतून चित्रं काढू लागले: कोळसा फोडणारा नवरा, ओढणारी बायको, दिवे, अपघात, न्हाणीघर, भांडणं, बाजूला बारीक अक्षरात मजकूर. २०११ मध्ये युनेस्कोने ती चित्रं जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतली. जपानमधून त्या नोंदवहीत गेलेली ती पहिलीच गोष्ट. चित्रकलेचं शिक्षण त्यांना नव्हतं. टब कसा जोडायचा, कपलिंगची कडी कुठे अडकायची, हे आमच्या एका ट्रॅमरने (टब ढकलणाऱ्याने) पंचांगाच्या मागच्या बाजूला काढून दिलं आहे. माझ्या सर्व्हेअरच्या डोळ्यालाही त्यात चूक सापडली नाही.

आता फोटो. यात मी केलेली चूक तुम्ही करू नका. निवृत्त हेडक्लार्कच्या घरी मला एक समूहफोटो मिळाला होता. पिट हेडपुढे (खाणीच्या तोंडावरच्या मनोऱ्यापुढे) उभे-बसलेले वीसेक कामगार, मागे पिंजऱ्याच्या दोराचं चाक. मी मोठ्या आनंदाने त्याची प्रत काढली, स्वच्छ केली, मोठी छापली. नावं पुढच्या खेपेला विचारू म्हटलं. पुढची खेप वर्षाने आली आणि ते गृहस्थ तोवर गेले होते. आज त्या फोटोतल्या चार जणांची नावं आम्हाला माहीत आहेत, बाकीचे चेहरे तसेच बघत राहतात. म्हणून फोटो हातात आला की आधी नावं. फोटोवर पारदर्शक कागद ठेवून चेहऱ्यांना आकडे द्या, यादी वेगळ्या कागदावर. कोणी कोणाला ओळखलं हेही लिहा, कारण दोन म्हातारे एकाच चेहऱ्याला दोन नावं देतात आणि ते दोन्ही जपायचं असतं. मूळ फोटो मालकाकडेच राहू द्या, तुम्ही स्कॅन करून परत करा. परत केलात की लोक दुसरा अल्बम आपणहून काढतात. मागे लिहायचंच असेल तर कडेला, मऊ पेन्सिलने. बॉलपेन नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको.

वस्तूंचं थोडक्यात. वस्तू आली की रजिस्टरमध्ये ओळ: क्रमांक, तारीख, काय आहे, कोणी दिलं, त्यांना कुठून मिळालं, कोण वापरायचं, कायमची दिली की ठेवायला दिली. देणाऱ्याची सही. तुमच्याकडची पितळी टोकन मी न बघताही सांगतो, प्रत्येकावर आकडा असेल. तो आकडा कोणाचा होता हे माहीत असेल तर ते टोकन म्हणजे एक माणूस आहे. माहीत नसेल तर ते पितळ आहे, भंगारवाल्याकडेही मिळतं. म्हणून ते घासून चकचकीत करू नका. झिजलेली कड आणि हाताचा काळपटपणा ही सुद्धा नोंद आहे. लोखंडाला रंग देऊ नका, कोरडं ठेवा, जमिनीपासून वर ठेवा. वाळवी आणि कसर यांच्यावर पावसाळ्यात दर आठवड्याला नजर हवी.

तीन धोके मात्र नीट लक्षात ठेवा. जुन्या घरांतून कधी कधी डेटोनेटर निघतात, बारीक तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्या, तारा असलेल्या किंवा नसलेल्या. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, सगळ्यांना दूर करून पोलिसांना कळवायचं. कार्बाइडच्या दिव्यात तळाशी पावडर उरलेली असते. तिला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पेट घेतो, म्हणून तो दिवा धुवायला घेऊ नका. कॅप लॅम्पच्या जुन्या बॅटऱ्यांत आम्ल किंवा अल्कली असते. तुमच्याकडच्या तीन-चार दिव्यांच्या बॅटऱ्या फुगल्या किंवा पाझरल्या असतील, तर कपड्याला-कातडीला लागू न देता, लॅम्परूममध्ये काम केलेल्या माणसाकडून त्या वेगळ्या करून घ्या.

नकाशांबद्दल मला जास्त बोलू द्या, तो माझा जीव आहे. ती गुंडाळी जबरदस्तीने उलगडू नका. जुने नकाशे बहुधा ट्रेसिंग क्लॉथवर असतात, म्हणजे खळ दिलेलं तलम कापड. त्याला पाण्याचा थेंब लागला तरी डाग पडतो आणि शाई फुटते, म्हणून ओल्या फडक्याने पुसायचं नाही. निळ्या छापाचे नकाशे असतील तर ते उजेडात फिके पडतात, भिंतीवर फ्रेम करून लावू नका. सपाट टेबलावर हळूहळू, दिवसाला थोडं असं सोडवा, कडांवर स्वच्छ कापडात गुंडाळलेली वजनं ठेवा, आणि वरून, एकमेकांवर थोडे चढतील असे तुकड्यातुकड्याने फोटो काढा. कोपऱ्यातली तारीख, सर्व्हेअरची सही, मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण यांचा जवळून वेगळा फोटो घ्या. कारण नकाशा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हीच त्याची खरी किंमत.

ही किंमत कशी असते ते सांगतो. जुन्या कामांत पाणी साठतं. शेजारच्या खाणीतून कोणी तिथवर खोदत आलं आणि मधली भिंत अंदाजापेक्षा पातळ निघाली तर ते पाणी माणसांवर येतं. फेब्रुवारी २००१ मध्ये झारखंडच्या बागडिगी खाणीत असं पाणी घुसून २९ कामगार गेले. त्याच्या पुढच्या वर्षी, जुलै २००२ मध्ये, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात क्वेक्रीक खाणीत शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीचं पाणी फुटलं. ९ कामगार तीन दिवसांहून जास्त अडकले आणि वरून भोक पाडून वाचवले गेले. त्यांच्यापाशी जुन्या खाणीचा जो नकाशा होता तो तिच्या शेवटच्या दिवसांपर्यंतचा नव्हता. पुढे तो शेवटचा नकाशा सापडला, आणि सापडला तो जवळच्याच एका स्थानिक कोळसा संग्रहालयातल्या कागदांत. तुमच्यासारख्याच मंडळींच्या ताब्यात, गुंडाळलेला.

खाण सोडून देताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे पाठवावा लागतो हे खरं. पण खाजगी मालकांच्या काळातले सगळे नकाशे पूर्ण आणि अचूक गेले असं कोणीही छातीठोकपणे सांगू नये. म्हणून तुमची गुंडाळी उलगडली की तिची प्रत कंपनीच्या सर्व्हे विभागाला पत्राने द्या आणि पोच घ्या. त्यावरून त्यांच्याशी नातंही जुळतं, आणि पुढे तुम्ही काही मागायला गेलात तर दार उघडं असतं.

ते दार लवकर ठोठावा, कारण बंद खाणीच्या वस्तूंचा भंगाराचा लिलाव होतो आणि खाणीचा इतिहास ट्रकमधून जातो तो त्याच दिवशी. जागेवरचं काहीही कंपनीच्या मालकीचं आहे, उचलून आणायचं नाही. कॉलरी मॅनेजर आणि एरिया जनरल मॅनेजर यांना यादी करून अर्ज द्या: पिट हेडचं चाक, एक टब, हाजरीघराची पाटी, सिग्नलची घंटा, जुनी हजेरी रजिस्टरं. यादी मोठी करू नका, पाच-सहा गोष्टीच मागा. खाण बंद करण्याचा मंजूर आराखडा असतो आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात (फक्त त्याच कामासाठी राखलेल्या खात्यात) पैसे ठेवलेले असतात. बत्तीघरासारखी एखादी इमारत पाडू नये, असं त्या आराखड्याच्या टप्प्यात लेखी सुचवता येतं. सावनेरकडे वेस्टर्न कोलफिल्ड्सने पर्यटन महामंडळाबरोबर खाण-पर्यटन सुरू केलं, त्याचा दाखला अर्जात द्या. वेल्समध्ये बिग पिट ही खाण १९८० मध्ये बंद झाली आणि तीनच वर्षांनी संग्रहालय म्हणून उघडली. तिथे बंद होण्याआधीच विचार सुरू झाला होता. तुमच्याकडे ती वेळ गेली असली तरी लिलावाची अजून गेलेली नसावी.

आणि कृपा करून, कितीही ओळखीचा रस्ता असला तरी, बंद खाणीत कोणी उतरू नका. पंखे बंद झाले की आत प्राणवायू कमी होतो, विषारी आणि पेट घेणारे वायू साठतात, आणि त्यातल्या काहींना वासही नसतो. फोटोसाठी इनक्लाइनच्या तोंडापुढे दोन पावलंही नकोत. तुमचे निवृत्त सभासद हे जाणतात, पण त्यांच्याबरोबर येणारी तरुण मुलं जाणत नाहीत.

घरोघरच्या ट्रंकांतले कागद हा वेगळा खजिना आहे. भविष्य निर्वाह निधीची कार्डं, पगाराच्या पावत्या, ओळखपत्रं, बदलीचे हुकूम, युनियनची पत्रकं, संपाच्या वेळची चार्जशीट. यांत खाजगी माहिती असते. दाखवताना क्रमांक, पत्ते, अंगठ्याचे ठसे झाका. सरकारी जुन्या कागदांसाठी नागपूरचं पुराभिलेखागार आहे, तिथे जाण्याआधी वर्षं आणि खाणीचं तेव्हाचं नाव पक्कं करा. मालक बदलले की नावं बदलत गेली आणि आजच्या नावाने शोधलंत तर हाती काही लागत नाही.

मृतांची यादी करा. हे सगळ्यात जड काम आहे आणि सगळ्यात जास्त गरजेचं. आपल्या शेजारच्या पेंच खोऱ्यात, न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ ला पाणी घुसून ६३ कामगार गेले. मोठ्या अपघातांचा आकडा असा कुठेतरी राहतो. एकेकटा गेलेला माणूस, टबखाली, छताखाली, दोरी तुटून, त्याचं नाव फक्त घरात राहतं. इंग्लंडमध्ये डरहॅम भागातल्या स्वयंसेवकांनी अशा हजारो मृत कामगारांची नावं वर्षानुवर्षं जमवून सगळ्यांना बघता येतील अशी ठेवली आहेत. तुम्ही तुमच्या एका खाणीपुरती करा. नाव, वय, काम, गाव, दिवस. घरच्यांना विचारून, त्यांची इच्छा नसेल तर न लिहिता. श्वासाच्या आजाराने निवृत्तीनंतर गेलेल्यांची वेगळी वही ठेवा. हे गोळा करताना कोणीतरी म्हणेल की कशाला जुन्या जखमा उकरता. आमच्या अनुभवात विधवा बाईने असं कधी म्हटलं नाही. म्हटलं ते बाहेरच्यांनी.

पैशांबद्दल तुम्ही बरंच विचारलं आहे, पण पहिल्या वर्षी पैसा फारसा लागत नाही. माइक, हार्ड डिस्क, कपाट, आम्लविरहित कागदाच्या फायली, एवढंच. वर्गणीतून होतं. पुढे देणगी किंवा कंपनीचा सामाजिक निधी घ्यायचा तर संस्था नोंदवावी लागेल, महाराष्ट्रात सोसायटी नोंदवली की सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद येते. घटनेत एक कलम पहिल्याच दिवशी घाला: मंडळ मोडलं तर वस्तू आणि मुद्रणं कोणाकडे जातील. विद्यापीठाचं ग्रंथालय चालेल, जिल्हा संग्रहालय चालेल, कोणा एकाचं घर चालणार नाही.

राहिले ते काका. येत्या रविवारीच जा. सगळे जाऊ नका, दोघे जा, त्यातला एक त्यांचा जुना सोबती असू दे. बोलून थकतील, म्हणून अर्धाच तास बसा. इंजिनाबद्दल, ब्रेकबद्दल, पिंजऱ्यात माणसं असताना आणि कोळसा असताना हात कसा वेगळा चालायचा त्याबद्दल विचारा. खालून घंटा वाजायच्या त्यावर त्यांनी आयुष्यभर माणसं वर-खाली केली. किती टोल म्हणजे थांब, किती म्हणजे माणसं चढली, अपघाताच्या दिवशी कशी वाजली, हे त्यांना तोंडाने सांगायला लावू नका. पितळी ताट आणि चमचा पुढे ठेवा, मुद्रण सुरू करा आणि म्हणा, काका, वाजवून दाखवा.